सोनोग्राफी आणि गर्भाच्या आतड्यातील जन्मजात व्यंग

प्रस्तावना : गर्भारपणाच्या १८ ते २० आठवड्यांतील सोनोग्राफी निर्दोष आली म्हणजे बाळ निर्व्यंग, असा समज रूढ आहे. आतड्याच्या व्यंगांबाबत तो अपुरा का ठरतो, हे प्रस्तुत लेखात एका उदाहरणाद्वारे स्पष्ट केले आहे.

विवेचन : आद्यांत्र, म्हणजे जठरालगतचा लहान आतड्याचा पहिला भाग, जन्मतः बंद असल्यास गर्भाने गिळलेले गर्भजल पुढे सरकत नाही. जठर व आद्यांत्र फुगून पडद्यावर शेजारी शेजारी दोन काळे बुडबुडे दिसतात. परंतु गर्भाचे गिळणे पुरेसे वाढल्यावरच हे चिन्ह ठळक होते. म्हणून ते बहुधा २० आठवड्यांनंतर, कित्येकदा सातव्या-आठव्या महिन्यात आढळते. गिळलेले जल शोषले न गेल्याने गर्भाभोवतीचे पाणीही वाढते. अशी वाढ दिसल्यास आतड्याची पुनर्तपासणी आवश्यक ठरते. यांपैकी सुमारे एक तृतीयांश बाळांत डाऊन सिंड्रोम असल्याने गुणसूत्र-तपासणीही सुचविली जाते.

निष्कर्ष : हे व्यंग जन्मानंतर शस्त्रक्रियेने दुरुस्त होते. पूर्वनिदानामुळे प्रसूती बालशल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयात योजता येते आणि दूध पाजण्यापूर्वीच नळीद्वारे बाळाचे जठर रिकामे करता येते. सारांश, पहिला निर्दोष अहवाल हा अंतिम निर्वाळा मानू नये.