मॅगझीन, बंदुकीचे

मॅगझीन, बंदुकीचे : बंदुकीत झाडावयाची काडतुसे साठवून ठेवणारे व ती एकामागून एक नळीच्या मागील टोकाशी आणून देणारे साधन. हा शब्द कोठार या अर्थाच्या ‘मख्जन’ या अरबी शब्दावरून आलेला असून दारूगोळ्याचे कोठार व नियतकालिक हे त्याचे अन्य अर्थही रूढ आहेत. साध्या एकनळी वा दुनळी बंदुकीस मॅगझीन नसते. बार उडाल्यावर ती सांध्यात वाकवून नवे काडतूस हाताने घालावे लागते. मॅगझीन असलेल्या बंदुकीत बोल्ट हा सरकता भाग प्रत्येक बारानंतर मागे जाऊन रिकामे काडतूस बाहेर फेकतो आणि पुढे येताना मॅगझिनमधून आलेले नवे काडतूस नळीत बसवितो. मॅगझीन दिसावयास साधे असले, तरी बंदूक ऐनवेळी चालेल की अडेल, हे पुष्कळदा त्यावरच ठरते. मूळ उत्पादकाखेरीज इतरांनी बनविलेली सुटी मॅगझिने, विशेषतः बारा बोअरच्या छर्‍यांच्या बंदुकीत, वारंवार अडचण निर्माण करतात. त्यामागील यांत्रिक कारणांचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे.

प्रकार व इतिहास : मॅगझिनचे नळीच्या आकाराचे व पेटीच्या आकाराचे असे दोन मुख्य प्रकार आहेत. नळीच्या आकाराच्या मॅगझिनमध्ये काडतुसे एकापुढे एक आडवी राहतात. अमेरिकेतील हेन्री रायफलीत (१८६०) अशी नळी बंदुकीच्या नळीखाली, तर स्पेन्सर रायफलीत ती दस्त्यात बसविलेली होती. जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी विंचेस्टर कंपनीसाठी आखलेल्या १८८७ व १८९७ च्या छर्‍यांच्या बंदुकांत हीच योजना होती आणि आजही छर्‍यांच्या बहुसंख्य अनेकबारी बंदुकांत ती आढळते. पेटीच्या आकाराच्या सुट्या मॅगझिनचे एकस्व जेम्स पॅरिस ली यांना १८७९ मध्ये मिळाले. भारतीय सैन्याने व पोलिसांनी दीर्घकाळ वापरलेल्या .३०३ ली-एन्फील्ड रायफलीचे मॅगझीन याच योजनेतून विकसित झाले. या पेटीत काडतुसे एकावर एक रचलेली असतात.

छर्‍यांच्या बंदुकीस सुटी पेटी उशिरा मिळाली. रशियातील सैगा-१२ ही अशी बंदूक १९९० नंतरच्या दशकात प्रसिद्धीस आली. अमेरिकेतील रेमिंग्टन ८७० व मॉसबर्ग ५९० या नळी-मॅगझिनच्या जुन्या बंदुकांच्या सुट्या पेटीच्या आवृत्त्या २०१८ मध्ये बाजारात आल्या. हा विलंब आकस्मिक नाही. त्याचे कारण छर्‍यांच्या काडतुसाच्या घडणीत आहे.

रचना व कार्य : पेटी-मॅगझिनमध्ये धातूची वा प्लॅस्टिकची पेटी, तळाशी झाकण, आत स्प्रिंग आणि स्प्रिंगवर काडतुसांना वर ढकलणारी पट्टी असते. पेटीच्या तोंडाच्या दोन्ही कडा आत वळविलेल्या असून त्या सर्वांत वरच्या काडतुसास अडवून धरतात. बोल्ट पुढे येताना या काडतुसाच्या वरच्या भागास रेटतो व ते कडांखालून निसटून नळीत शिरते. पेटी बंदुकीच्या धडात एका खटक्याने अडकविलेली असते. मुखाच्या कडांमधील अंतर, त्यांचा कोन, स्प्रिंगचा जोर आणि खटक्याच्या खाचेची उंची या चार बाबींवर काडतुसाची उंची व दिशा ठरते. खाच थोडी खाली पडली, तर पेटी वर चढून बसते आणि बोल्ट तिच्यावर घासतो. खाच वर पडली, तर पेटी खाली राहते आणि बोल्ट काडतुसावरून नुसताच सरकून जातो. म्हणजे बंदूक भरलेली वाटते, पण नळी रिकामी असते. हा दोष सर्वांत धोक्याचा होय.

छर्‍यांच्या काडतुसातील अडचणी : एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या असता एका गोळीचा जो व्यास येईल, तो बारा बोअरच्या नळीचा व्यास होय. तो सु. १८.५ मिमी. असतो. काडतुसाच्या बुडाशी सु. २२.५ मिमी. व्यासाची पुढे आलेली कडा असते. या कडेमुळे काडतूस नळीत योग्य जागी थांबते. परंतु पेटीत तीच अडसर ठरते. वरच्या काडतुसाची कडा खालच्या काडतुसाच्या कडेमागे राहिली, तर बोल्टने रेटल्यावर दोन्ही एकमेकांत अडकतात. .३०३ रायफलीच्या काडतुसासही अशीच कडा असल्याने ती भरताना हीच काळजी घ्यावी लागे. कडा असलेली काडतुसे एकावर एक रचली असता रास वक्राकार होते. ब्रेन मशीनगनच्या मॅगझिनचा बाक त्यामुळेच आहे.

दुसरी अडचण काडतुसाच्या पुढील टोकाची. रायफलीची गोळी निमुळती असल्याने थोडी चुकीच्या दिशेने आली, तरी नळीच्या तोंडाशी आपोआप वळून आत जाते. छर्‍यांच्या काडतुसाचे टोक सपाट असते. ते किंचित खाली झुकले, तरी नळीच्या कडेवर आपटून थांबते.

तिसरी अडचण लांबीची. ७० मिमी. काडतूस म्हणजे झाडल्यानंतर, तोंड पूर्ण उघडल्यावर, ७० मिमी. भरणारे काडतूस. भरलेल्या स्थितीत त्याची लांबी तोंड मिटविण्याच्या पद्धतीनुसार बदलते : चुण्या घालून मिटविलेले काडतूस सु. ५८ मिमी., तर कड गोल वळवून मिटविलेले त्याहून लांब असते. त्यामुळे वेष्टनावर एकच माप छापलेली दोन काडतुसे एकाच पेटीत सारखी बसतील असे नाही.

चौथी अडचण वजनाची व मऊपणाची. ५.५६ मिमी. रायफलीचे काडतूस सु. १२ ग्रॅ., तर बारा बोअरचे सु. ४५ ग्रॅ. भरते. दहा काडतुसांची रास अर्ध्या किग्रॅ.च्या जवळ जाते. बोल्ट मागे जाऊन परत येण्याच्या अल्प अवधीत ही रास स्प्रिंगला वर उचलावी लागते. स्प्रिंग दुर्बल असली, तर काडतूस वेळेवर पोहोचत नाही. फार ताठ असली, तर वरचे काडतूस कडांवर घट्ट दाबले जाऊन बोल्टची गती मंदावते. शिवाय काडतुसाचे वेष्टन प्लॅस्टिकचे, व पूर्वी कागदाचे, असल्याने भरलेल्या पेटीत दीर्घकाळ दाबाखाली राहिल्यास ते चपटे होते. कागदी वेष्टन कोकणासारख्या दमट प्रदेशात पावसाळ्यात फुगत असे.

इतरांनी बनविलेल्या मॅगझिनांचे दोष : मूळ उत्पादकाजवळ मॅगझिनचे मापचित्र असते. त्यात प्रत्येक मापाबरोबर त्यात किती तफावत चालेल, हेही दिलेले असते आणि तयार झालेला भाग कमाल व किमान मर्यादांच्या गेजांनी तपासला जातो. बाहेरच्या उत्पादकाजवळ हे मापचित्र नसते. तो बाजारातील काही नमुने मोजतो. त्यावरून मापे कळतात; तफावतीच्या मर्यादा कळत नाहीत. त्याने मोजलेली बंदूक मर्यादेच्या एका टोकाची आणि ग्राहकाची दुसर्‍या टोकाची असू शकते. म्हणून तेच मॅगझीन एका बंदुकीत निर्दोष चालते व त्याच नमुन्याच्या दुसर्‍या बंदुकीत अडते. कित्येकदा ग्राहक पेटी कानसीने घासून बसवून घेतो. ती त्या एका बंदुकीस चालू लागते, पण अदलाबदलीचा गुण गमावते.

रायफलींच्या क्षेत्रात ही अडचण काही अंशी कमी झाली. नाटो राष्ट्रांनी ५.५६ मिमी. रायफलीच्या मॅगझिनसाठी १९८० मध्ये प्रमाण मसुदा मांडला. त्यास अंतिम मान्यता मिळाली नाही, तरी अनेक उत्पादकांनी तीच मापे स्वीकारली. छर्‍यांच्या बंदुकीच्या बाबतीत काडतूस व नळी यांची मापे आंतरराष्ट्रीय प्रमाणांनी निश्चित आहेत, मॅगझिनची नाहीत. प्रत्येक बंदुकीची पेटी निराळी असते.

सैगा-१२ चे उदाहरण या संदर्भात उद्‌बोधक आहे. अमेरिकेत १९९० मध्ये झालेल्या कायद्यातील तरतुदीनुसार काही आयात बंदुकांत फेरफार करावयाचा झाल्यास त्यांतील परदेशी भागांची संख्या मर्यादित ठेवावी लागते आणि मॅगझिनची पेटी, पट्टी व तळझाकण हे या गणनेत स्वतंत्र भाग धरले जातात. देशी मॅगझीन वापरल्याने ही अट पाळणे सुलभ होत असल्याने तेथे अशा मॅगझिनांस मोठी मागणी आली. वीस काडतुसांची ढोलाच्या आकाराची मॅगझिनेही निघाली. काडतुसांची संख्या वाढली, की रासेचे वजन व स्प्रिंगवरील भार वाढतो आणि वर वर्णिलेला प्रत्येक दोष अधिक ठळक होतो.

नळी-मॅगझिनची क्षमता वाढविण्यासाठी पुढे जोडावयाचे तुकडेही विकले जातात. सांध्याशी सूक्ष्म पायरी राहिल्यास काडतुसे ढकलणारी टोपी तेथे अडखळते. मूळ आखूड स्प्रिंग तशीच ठेवल्यास शेवटची काडतुसे मागे येत नाहीत.

इन्सास रायफलीचा अनुभव : मॅगझिनचा दोष केवळ बाहेरच्या उत्पादकाच्या मालातच असतो असे नाही. पुण्यातील पाषाण येथील आर्मामेंट रिसर्च अँड डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंट (स्थापना १९५८) या संस्थेने ५.५६ मिमी. इन्सास रायफलीचा आराखडा तयार केला. तिचे वीस काडतुसांचे मॅगझीन अर्धपारदर्शक प्लॅस्टिकचे होते. आत किती काडतुसे उरली, हे सैनिकास बाहेरून दिसावे, हा त्याचा लाभ. १९९९ च्या कारगिल संघर्षात अतिउंचीवरील कडाक्याच्या थंडीत ही मॅगझिने तडकल्याच्या तक्रारी आल्या. प्लॅस्टिक थंडीत ठिसूळ होते. उष्णतेत व सततच्या दाबाखाली त्याच्या कडा हळूहळू पसरतात. पत्रा पडल्यावर वाकतो व दमट हवेत गंजतो. कोणताही पदार्थ सर्व हवामानांत निर्दोष नाही. म्हणून ज्या परिस्थितीत बंदूक वापरावयाची, त्या परिस्थितीतच मॅगझिनची परीक्षा होणे आवश्यक ठरते. हिमशिखरावर उभ्या असलेल्या सैनिकाच्या दृष्टीने तडकलेली पेटी व निकामी रायफल यांत भेद उरत नाही.

भारतातील स्थिती : महाराष्ट्रात दारूगोळ्याचे उत्पादन जुने आहे. खडकी (पुणे) येथील कारखाना १८६९ मध्ये स्थापन झाला. ‘शक्तिमान’ या नावाची बारा बोअरची काडतुसे तेथे तयार होतात. वरणगाव (जि. जळगाव) येथील कारखाना लहान शस्त्रांच्या काडतुसांसाठी प्रसिद्ध आहे. ऑक्टोबर २०२१ पासून हे दोन्ही कारखाने पुणे येथे मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या शासकीय कंपनीकडे आहेत.

शस्त्र अधिनियम, १९५९ मधील व्याख्येत शस्त्रांच्या भागांचाही समावेश होतो. त्यामुळे अमेरिकेप्रमाणे सुट्या मॅगझिनांचा खुला बाजार येथे नाही. परवाना देण्याचा अधिकार सामान्यतः जिल्हादंडाधिकार्‍यास, तर मुंबई, पुणे, मीरा-भाईंदर-वसई-विरार यांसारख्या आयुक्तालयांच्या क्षेत्रात पोलीस आयुक्तास असतो. सिंधुदुर्ग, रत्नागिरी इ. जिल्ह्यांत रानडुकरे व माकडे यांपासून पीक राखण्यासाठी शेतकर्‍यांना मिळणार्‍या परवान्यांवरील बंदुका बव्हंशी एकनळी वा दुनळी असतात. त्यांत एका वेळी एकदोनच काडतुसे मावतात. पण मॅगझीनच नसल्याने त्याचे दोषही नसतात. बँकांच्या पहारेकर्‍यांकडे आढळणार्‍या दुनळी बंदुकीचे टिकून राहणे याच साधेपणामुळे सुकर झाले आहे.

परीक्षा व निगा : मॅगझीन नवे असताना, ज्या बंदुकीत व ज्या जातीच्या काडतुसांसह ते वापरावयाचे त्यांसहच, पूर्ण भरून व शेवटच्या काडतुसापर्यंत, अधिकृत चांदमारीच्या ठिकाणी पारखले जाते. पहिले काडतूस अडल्यास बहुधा स्प्रिंगचा जादा ताठपणा वा पेटीची उंची, शेवटचे अडल्यास स्प्रिंगचा दुर्बलपणा, तर मधलेच अडल्यास कडांचे एकमेकांत अडकणे हे कारण असते. प्रत्येक मॅगझिनवर क्रमांक घातल्यास दोष बंदुकीचा की एका विशिष्ट पेटीचा, हे सहज उमगते. मुखाच्या कडा वाकलेले वा तडा गेलेले मॅगझीन दुरुस्त करण्याऐवजी बदलणे इष्ट मानले जाते. मॅगझीन बंदुकीपासून वेगळे काढता येत असले, तरी मापांच्या दृष्टीने ते तिच्यापासून वेगळे नसते. काडतूस, मॅगझीन व बंदूक या तिघांची विश्वसनीयता एकत्रितपणेच सिद्ध करावी लागते.