हवा, हवामान आणि लोकसंज्ञापन

भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांत ‘हवा’ आणि ‘हवामान’ या दोन संज्ञा भिन्न अर्थांनी योजिलेल्या असतात. एखाद्या स्थळाची तात्कालिक वातावरणीय स्थिती म्हणजे हवा. तिची दीर्घकालीन, सामान्यतः तीस वर्षांची, सरासरी म्हणजे हवामान. लोकव्यवहाराने हा भेद कधी मानलेला नाही. ‘आज हवामान ढगाळ आहे’ हे वाक्य कोणासही खटकत नाही, आणि उद्याच्या पावसाचा अंदाज वर्तविणारे खातेही हवामान खातेच होय. परिणामी ‘हवामानबदल’ हा शब्द कानी पडताच सामान्य श्रोत्याच्या मनात आभाळ भरून आल्याचे चित्र उमटते, शतकभराच्या स्थित्यंतराचे नव्हे.

आकड्याची अडचण याहून मोठी आहे. जागतिक सरासरी तापमानातील वाढ औद्योगिक क्रांतीपूर्व पातळीच्या तुलनेने १.५ अंश सेल्सिअसवर रोखण्याचा प्रयत्न करावा, असे २०१५ च्या पॅरिस करारात ठरले. नागपुरास उन्हाळ्यात पहाट व दुपार यांच्या तापमानांत दहा-बारा अंशांचे अंतर सहज पडते. तेथील रहिवाशास दीड अंश क्षुल्लक वाटला, तर तो त्याच्या बुद्धीचा दोष म्हणता येणार नाही. गेल्या हिमयुगाच्या ऐन भरात पृथ्वीचे सरासरी तापमान औद्योगिक क्रांतीपूर्व पातळीहून अवघे ५ ते ७ अंशांनी कमी होते, ही तुलना जोडली म्हणजे त्या दीड अंशाचे वजन ध्यानात येऊ लागते. शिवाय या सरासरीत महासागरही धरलेले असतात. जमीन त्यांहून अधिक तापते, आणि माणसे जमिनीवर राहतात.

या दृष्टीने अहमदाबादचे उदाहरण अभ्यसनीय आहे. मे २०१० मध्ये तेथील पारा ४६.८ अंशांपर्यंत चढला. त्या एका महिन्यात अपेक्षेहून १,३४४ मृत्यू अधिक झाले, असे पुढे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. २०१३ मध्ये महानगरपालिकेने गांधीनगरच्या भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या व अन्य संस्थांच्या साहाय्याने उष्णता कृती आराखडा अमलात आणला. त्यातील संदेशाची घडण पाहण्यासारखी आहे. जागतिक सरासरीऐवजी उद्याचे आपल्या शहराचे तापमान, त्यास जोडलेला एक रंग (४५ अंशांस लाल), आणि लगेच करावयाची कृती: पाणी पिणे, दुपारी सावलीत राहणे, चक्कर आल्यास कोठे जावे. भित्तिपत्रके, आकाशवाणी, मोबाइलवरील संदेश आणि आरोग्यसेविका या सर्व वाटांनी तो घरोघरी पोचविण्यात आला. भीषण चित्रांचा आश्रय त्यास घ्यावा लागला नाही. अशी चित्रे लक्ष वेधतात खरी, पण उपाय हाती नसलेला माणूस त्यांच्याकडे पाठ फिरवतो.

तथापि या यशाला एक मर्यादा आहे. लाल रंगाची सूचना ही हवेची सूचना होय, हवामानाची नव्हे. रोजंदारीवरील मजुराने ती पाळावयाची तर त्याचा दिवसाचा खाडा कोणी भरून द्यावयाचा, हा प्रश्न उरतोच. त्याखेरीज दुपार निभावलेल्या नागरिकास हे दिवस का वाढत आहेत, कोळसा व खनिज तेल यांच्या ज्वलनाशी त्यांचा संबंध कोणता, याचा बोध त्या सूचनेतून होत नाही. त्याच फलकावर गेल्या तीस उन्हाळ्यांत असे लाल दिवस दरवर्षी किती आले, एवढी एक ओळ व तिच्या खाली कारणाची दुसरी ओळ छापता येईल. त्यास लागणाऱ्या दैनंदिन तापमानाच्या नोंदी वेधशाळांच्या दप्तरी आहेत.