गंजलेला सायलेन्सर : डाग द्यावा की बदलावा?

मोटारसायकलचा सायलेन्सर बहुधा आतून गंजतो. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. एक लिटर पेट्रोलमागे साधारण तेवढेच पाणी. लांबच्या प्रवासात तापलेल्या नळीतून ही वाफ बाहेर पडते. वरूडसारख्या गावात घर ते बाजार किंवा संत्र्याची बाग एवढ्याच फेऱ्या झाल्या, तर सायलेन्सर पुरता तापत नाही आणि पाणी आतच साचते. पावसाळ्यात बाहेरून चिकटलेली काळी माती ओल धरून ठेवते.

फटफट आवाज वाढला की गाडी थंड असताना पत्रा स्क्रू-ड्रायव्हरने ठोकून पाहावा. आवाज खणखणीत आला आणि छिद्र लहान असेल, तर गंज घासून गॅस वेल्डिंगने पत्र्याचा तुकडा जोडता येतो. त्यासाठी सायलेन्सर गाडीवरून उतरवावा. परत बसवताना इंजिनाजवळचे गॅस्केट नवे घालावे, उष्णतारोधक रंग द्यावा आणि पाणी निघण्याचे मूळ छिद्र बुजवू नये.

पत्रा दाबताच खचत असेल, तर वेल्डिंगचा खर्च वाया जातो. फक्त बाहेरची डबी सडली असून ती वेगळी निघत असेल, तर तेवढीच बदलावी. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 या प्रदूषण-मानकाच्या गाड्यांत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. म्हणून नवा सायलेन्सर महाग पडतो. स्वस्तातला कर्कश सायलेन्सर मात्र दंडाला आमंत्रण देतो.