ब्लॉक दिसतो, पण धड दिसत नाही

माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत मॉड लिहून स्वतःचा ब्लॉक घालायचा, तर काम दोन जागी चालतं. जावा कोडमध्ये ब्लॉकची नोंद, तो किती कठीण, फोडल्यावर काय हाती येतं वगैरे. असेट्सच्या फोल्डरमध्ये तो कसा दिसतो ते. या दोन्हींची गाठ खेळ केवळ नावावरून मारतो. दिसण्याच्या निम्म्या तक्रारी तिथेच उगवतात. सुदैवाने ब्लॉक कसा बिघडलाय, यावरून चूक कुठे आहे ते बहुधा कळतं. म्हणून कोड उघडायच्या आधी ब्लॉककडे नीट बघावं.

उदाहरणाला जाळीची खिडकी घेऊ. जाडी तीन पिक्सेल, मधे आरपार भोकं, पाठ भिंतीला टेकलेली. जवळपास सगळ्या खोड्या या एकाच ब्लॉकमध्ये भेटतात.

पहिली खोडी जांभळ्या-काळ्या चौकड्यांची. खेळाला हवी ती फाइल सापडली नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण कोणती? ब्लॉकस्टेटची फाइल मॉडेलचं नाव सांगते, मॉडेलची फाइल टेक्श्चरचं. खिडकीऐवजी अख्खा चौकोनी ठोकळा चौकड्यांचा दिसला, तर साखळी ब्लॉकस्टेट किंवा मॉडेलपाशी तुटली आहे. आकार खिडकीचाच, फक्त अंगावर चौकड्या, तर मॉडेल सापडलंय आणि टेक्श्चर हरवलंय. उत्तरेकडे तोंड केलं की ठीक, पूर्वेकडे केलं की चौकड्या, असं असेल तर ब्लॉकस्टेटमध्ये पूर्वेची नोंद राहिली आहे. लॉग फाइलमध्ये न सापडलेलं नाव लिहिलेलं असतं; ते वाचायचा कंटाळा करू नये.

नावांच्या चुका ठरलेल्या असतात. टेक्श्चरच्या नावाआधी मॉडची आयडी आणि कोलन लिहिलं नाही, तर खेळ ते स्वतःच्या, म्हणजे माइनक्राफ्टच्याच फोल्डरमध्ये शोधतो. जुन्या धड्यांत टेक्श्चरचा फोल्डर 'ब्लॉक्स' असा अनेकवचनी असतो; २०१८ च्या १.१३ आवृत्तीपासून तो 'ब्लॉक' झाला. १.२१.४ पासून हातातल्या वस्तूसाठी 'आयटम्स' फोल्डरमध्ये आणखी एक फाइल लागते. ती नसेल तर जमिनीवर खिडकी झकास आणि हातात चौकड्या. कॅपिटल अक्षरांचं दुखणं जरा लबाड आहे. विंडोजला लहान-मोठ्या अक्षरांतला फरक दिसत नाही, मॉड वाटायच्या जार फाइलला दिसतो. त्यामुळे आपल्या मशीनवर चालणारं मॉड दुसऱ्याकडे फसतं. सगळी नावं लहान अक्षरांत ठेवावीत. फाइल सुधारल्यावर खेळ बंद करायची गरज नाही. प्रोजेक्ट बिल्ड करून खेळात एफ-३ आणि टी एकत्र दाबलं की असेट्स नव्याने वाचले जातात.

आता टेक्श्चर आलं, पण जाळीची भोकं काळीकुट्ट. ब्लॉक रंगवायचे वेगवेगळे थर असतात आणि बऱ्याच आवृत्त्यांत काही सांगितलं नाही तर ब्लॉक 'सॉलिड' थरात जातो. तिथे पारदर्शकतेकडे कुणी बघतच नाही. खिडकीला 'कटआउट' हवा: पिक्सेल एक तर आहे, नाही तर नाही. रंगीत काचेसारखं अर्धवट पारदर्शक असेल तरच 'ट्रान्सल्युसंट' घ्यावा. त्यात लांबचं आधी, जवळचं नंतर अशी क्रमवारी लावावी लागते, म्हणून तो खर्चिक पडतो आणि क्रम चुकण्याची भानगडही मागे लागते. फोर्ज या मॉड-लोडरमध्ये १.१९ पासून हा थर मॉडेलच्या फाइलमध्येच 'रेंडर टाइप' म्हणून लिहिता येतो. फॅब्रिक या दुसऱ्या मॉड-लोडरमध्ये तो क्लायंटच्या बाजूच्या कोडमध्ये नोंदवण्याची पद्धत रुळली.

भोकं मोकळी झाली की पुढची गंमत सुरू होते. जाळीतून भिंत दिसण्याऐवजी भिंतीपलीकडची गुहा दिसते! बिघडलेलं असतं खिडकीचं, गायब होते भिंत, त्यामुळे नवखा माणूस भलतीकडेच शोधत बसतो. खेळ श्रम वाचवतो: शेजारच्या ब्लॉकने एखादी बाजू पूर्ण झाकली असेल, तर ती रंगवतच नाही. खिडकीचा आकार कोडमध्ये बरोबर दिला तरी हे पुरतं सुटत नाही. भिंतीला टेकलेली तिची पाठ सोळा बाय सोळा भरते, आणि टेक्श्चरमधली भोकं या हिशेबात धरलेलीच नसतात. ब्लॉकच्या गुणधर्मांत फोर्जकडे 'नो ऑक्लूजन', फॅब्रिकच्या यार्न नावांत 'नॉन ओपेक' लिहायचं, की भिंत परत येते. याची उलटी बाजू मॉडेलमध्ये असते. ज्या पृष्ठावर 'कलफेस' लिहिलंय ते त्या दिशेला भरीव शेजारी आला की लपतं. खिडकीच्या पुढच्या, हवेतल्या पृष्ठावर ते चुकून राहिलं, तर समोर दगड ठेवताच खिडकीचं तोंड नाहीसं होतं. मॉडेल बनवायच्या ब्लॉकबेंच या साधनात प्रत्येक पृष्ठाचा कलफेस एकदा तपासून घ्यावा.

खिडकी उघड-मीट होण्यासाठी तिला ब्लॉक एंटिटी (ब्लॉकची जादा माहिती सांभाळणारी वस्तू) जोडली आणि ती पूर्णच अदृश्य झाली, तर घाबरू नये. बऱ्याच आवृत्त्यांत अशा ब्लॉकचा मूळ वर्ग 'इनव्हिजिबल' असंच उत्तर देतो. 'गेट रेंडर शेप' ओव्हरराइड करून 'मॉडेल' परत करायचं.

खिडकी दिसते, पण ब्लॉक एंटिटीतली माहिती बदलूनही तिचं रूप बदलत नाही, याचं कारण वेगळं. सोळा बाय सोळा बाय सोळा ब्लॉकांच्या तुकड्याची रेखाटन-जाळी (मेश) खेळ एकदा तयार करतो आणि तीच वापरत राहतो; त्यातला ब्लॉक बदलला तरच ती सहसा नव्याने बनते. शेजारी एक दगड ठेवून बघा. खिडकी लगेच सुधारली तर माहिती क्लायंटपर्यंत पोचली होती, फक्त पुनर्रचनेची सूचना राहिली. दगडाने फरक पडला नाही, पण जगातून बाहेर पडून परत आल्यावर खिडकी बरोबर दिसली, तर सर्व्हरकडून बदल कळवणारं पॅकेट जात नाहीये.

राहिली लुकलुक. चौकट आणि जाळी यांची पृष्ठं अगदी एकाच पातळीत असतील तर वर कोण, हे ठरत नाही आणि कॅमेरा हलला की दोन्ही आळीपाळीने डोकावतात. जाळी पिक्सेलच्या शंभराव्या भागाइतकी आत सरकवली तरी सहसा भागतं. लांबून पुन्हा लुकलुकली तर थोडी आणखी आत घ्यावी.