नोटरी केली म्हणजे बहिणीचा हिस्सा संपला का?

घरात इंतकाल झाला की सुरुवातीचे दिवस कागदांचं नाव कुणी काढत नाही. मग बँक आठवते, सातबारा आठवतो आणि पाऊल वळतं ते नोटरीकडे. टेंभुर्णीत आपल्या कितीतरी घरांत एक समज पक्का बसलाय : नोटरी झाली, विषय संपला. तसं नसतं.

नोटरी म्हणजे 1952 च्या कायद्याखाली सरकारने नेमलेला वकील. समोरची व्यक्ती तीच आहे आणि तिने आपल्यासमोर सही केली, एवढंच तो सांगतो. मजकूर खरा असल्याची हमी तो देत नाही. म्हणून सही करणाऱ्याने स्वतः जायचं, नोटरीच्या रजिस्टरमध्येही सही करायची. कुणाच्या हाती आधारची झेरॉक्स पाठवून आणलेला शिक्का पुढे कोर्टात अडचणीत आणतो.

आपल्या अम्मी-खालांपैकी अनेकजणी सही उर्दूत करतात. ती चालते, लाजायचं कारण नाही. पण कागद मराठीत किंवा इंग्रजीत असतो. तो आधी वाचून घ्या आणि ‘मजकूर वाचून, समजावून सांगितला’ ही ओळ त्यात लिहायला लावा. कोऱ्या स्टॅम्पवर सही तर कुणालाच देऊ नका, सख्ख्या भावालाही नाही.

दाखल्यावर ‘महंमद’ आणि आधारवर ‘मोहम्मद’ असेल तर प्रतिज्ञापत्र उपयोगी पडतं. नाव कायमचं बदलायचं तर राजपत्रच लागतं. उत्पन्नाच्या किंवा रहिवासी दाखल्यासाठी 2015 पासून साधं स्वयंघोषणापत्र पुरतं, त्यासाठी 500 चा स्टॅम्प कशाला?

आता हिश्श्याचं. सूरह निसामध्ये मुलीचा वाटा ठरवून दिलाय, तो भावाच्या मेहरबानीवर नाही. घरजागेचं किंवा शेताचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. नुसत्या नोटरीने बहिणीचा हक्क जात नाही. मात्र निबंधकासमोर सही झाली की तो जातो, परत मिळवणं फार अवघड.

शेतजमिनीची वारस नोंद तलाठ्याकडे होते, त्याला कोर्ट लागत नाही. अर्जात सगळ्या वारसांची नावं हवीत. बँकेतल्या पैशांना नॉमिनी नसेल तर बँक कोर्टाचा वारस दाखला मागू शकते. (नॉमिनी असला तरी तो मालक नव्हे, पैसा वारसांचाच.) टेंभुर्णी माढा तालुक्यात, त्यामुळे चौकशी माढ्याच्या न्यायालयात करायची. मृत्यू दाखला आणि वारसांची यादी जोडून अर्ज होतो. मग वारसांना नोटीस निघते, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस येते. हरकत आली नाही तर जबाब, पुरावे आणि शेवटी कोर्ट फी भरून दाखला. काही महिने जातात. यादीत बहिणीचं नाव गाळलं असेल तर ती हरकत घेऊ शकते, दाखला निघाल्यावर तो रद्द करायचा अर्जही करता येतो.

वकिलाची फी हा प्रश्न खराच. पण 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे महिलेला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्यायचा किंवा 15100 वर फोन करायचा.