साधी राहणी आणि ख्रिस्ती श्रद्धा : रेव्ह. ना. वा. टिळक यांच्या संन्यासाच्या विशेष संदर्भात

प्रास्ताविक : अलीकडे ‘मिनिमलिझम’ या नावाने ओळखली जाणारी जीवनशैली, म्हणजे गरजेपुरत्याच वस्तू बाळगून जगणे, शहरी मध्यमवर्गात चर्चेचा विषय झाली आहे. तिचा हेतू बहुधा मनःशांती, वेळेची बचत किंवा पर्यावरणरक्षण हा असतो. अशा राहणीचा ख्रिस्ती व्यक्तीच्या श्रद्धेवर कोणता परिणाम होऊ शकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) परिसराशी निगडित एका उदाहरणाच्या आधारे केला आहे.

मत्तयकृत शुभवर्तमानातील पर्वतावरील प्रवचनात अन्नवस्त्राची चिंता न करण्याचा उपदेश आहे. तेथे वस्तू वाईट ठरविलेल्या नाहीत. माणसाचा भरवसा कोणावर आहे, हा प्रश्न आहे. श्रीमंत तरुणाच्या कथेतही ख्रिस्त त्याला केवळ संपत्ती सोडण्यास सांगून थांबत नाही, तर ती गरिबांना देऊन आपल्यामागे येण्यास सांगतो. पसारा आवरून घर मोकळे करणाऱ्या आधुनिक मनुष्याला हा दुसरा भाग सहसा आठवत नाही.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांचे बरेचसे कार्य अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये झाले. टिळकांचा हात मुळातच सढळ होता. घरात आलेली वस्तू अथवा पैसा टिकत नसे. तथापि १९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त जीवन पत्करले, ही गोष्ट वेगळ्या स्वरूपाची होती. या वेळी त्यांनी नुसत्या वस्तू सोडल्या नाहीत, तर निश्चित वेतन सोडले. परदेशी संस्थेच्या पगारावर राहून सांगितलेले शुभवर्तमान ऐकणाऱ्याला नोकरीचा भाग वाटण्याचा संभव असतो. वेतनाचा हा धागा तुटल्यावर श्रद्धेला संस्थेचे कुंपणही उरले नाही. ‘देवाचा दरबार’ या त्यांच्या कल्पित बंधुसंघात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त सामावणार होते. पगारी धर्मसेवकास अशी मोकळीक घेणे अवघड गेले असते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या त्यागाची दुसरी बाजू लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये पाहावयास मिळते. पतीच्या औदार्याने घरात जी ओढाताण होई ती त्यांनी विनोदाने, परंतु काहीही न लपविता लिहिली आहे. एकाचे अपरिग्रहाचे व्रत दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात उणीव होऊन उतरते. (त्यागाच्या चरित्रांत हा हिशेब क्वचितच मांडलेला असतो.) प्रेमाविना सर्वस्व वाटून टाकले तरी काही लाभ नाही, हे करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील पौलाचे म्हणणे येथे ध्यानात घ्यावे लागते. अल्प वस्तूंचा अभिमान हाही एक प्रकारचा संचयच होय.

जिल्ह्याच्या संदर्भात आणखी एक मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. घोडेगावजवळील वडाळा येथे अमेरिकन मराठी मिशनचे जुने केंद्र होते. नेवासे तालुक्यातील व एकूण जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज प्रामुख्याने महार व मांग या जातींतून आला. उष्टे अन्न, फाटके वस्त्र आणि वेठबिगार यांचा अनुभव त्यांच्या मागच्या पिढ्यांना होता. ज्यांना कमीत कमी वस्तूंत राहण्यास समाजाने भाग पाडले होते, त्यांच्या दृष्टीने धुतलेले कपडे, पुस्तक, पक्के घर या चैनीच्या वस्तू नव्हत. देवाने आपणांस माणूस म्हणून स्वीकारल्याची ती खूण होती. टिळकांसारख्या ब्राह्मण कुळात जन्मलेल्या कवीच्या हाती सोडण्याजोगे काही होते आणि संन्यासाला परंपरेची प्रतिष्ठाही होती. अशा समाजापुढे व्यासपीठावरून अल्पसंग्रहाचा उपदेश करणे म्हणजे जुन्याच स्थितीत समाधान माना, असे सांगण्यासारखे होऊ शकते. मात्र याच समाजाची आजची नोकरदार पिढी लग्नसमारंभासाठी कर्ज काढते, तेव्हा तिला हा प्रश्न विचारणे अप्रस्तुत ठरत नाही.

टिळकांच्या निधनानंतर १९२२ मध्ये जॅक विन्स्लो या इंग्रज धर्मगुरूने अहमदनगर येथे ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला व १९२३ मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. या संघातील युरोपीय व भारतीय सभासद एकत्र, भारतीय पद्धतीने, आश्रमात राहत. येथे साधेपणा हे एकाच पंक्तीत बसण्याचे साधन झाले. वस्तू कमी केल्याने शेजारी जवळ आला की नाही, हे तेथे रोजच्या जेवणाच्या वेळीच कळत असे.