‘करलं’ म्हणणाऱ्या मुलांना व्याकरण कधी शिकवायचं?

माझी लेक साडेतीन वर्षांची असताना ठोकळ्यांकडे बोट दाखवून म्हणाली, “आजी, बघ, मी घर करलं!” आजी हसून म्हणाली, “केलं म्हण गं.” पण ‘करलं’ घरात कुणीच म्हणत नव्हतं, मग ते तिनं आणलं कुठून? धर-धरलं, भर-भरलं हे तिच्या कानावर होतं. त्यातला नियम तिनं स्वतः ओळखला आणि ‘कर’ला लावला. पाच वर्षांची व्हायच्या आत ते ‘करलं’ आपोआप गेलं.

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारे पालक मला हमखास विचारतात, “पाच वर्षांच्या मुलासाठी मराठी व्याकरणाचा कुठला अभ्यासक्रम घ्यावा? उशीर तर होत नाही ना?” त्यांची काळजी खरी आहे, पण तिच्यामागे बरेच गैरसमज आहेत.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे व्याकरण पुस्तकातून येतं. पाच वर्षांचं मूल घोडा-घोड्यावर, पाणी-पाण्यात, झाड-झाडाखाली असं बिनचूक बोलतं. याला सामान्यरूप म्हणतात हे ठाऊक नसल्यानं त्याचं काहीही अडत नाही. डबा ‘तो’, पिशवी ‘ती’, ताट ‘ते’ का, याचं नियमात बसणारं उत्तर मोठ्यांनाही देता येत नाही. ही लिंगं कानानंच येतात. म्हणून या वयात ऐकायला आणि बोलायला भरपूर मिळणं हाच व्याकरणाचा अभ्यास आहे. इंग्रजीत हे तपासूनही झालं आहे. 1963 साली अमेरिकेत ब्रॅडक, लॉइड-जोन्स आणि शोअर यांनी लेखनशिक्षणावरच्या संशोधनाचा आढावा घेतला. निष्कर्ष असा होता की, नुसतं व्याकरण शिकवून मुलांचं लेखन फारसं सुधारत नाही, उलट प्रत्यक्ष लिहिण्याचा वेळ त्यात गेला तर नुकसानच होतं. घरशिक्षण करणाऱ्यांमध्ये आजही वाचल्या जाणाऱ्या शार्लट मेसन (1842–1923) यांनी तर सहा वर्षांच्या मुलासाठी ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत परत सांगण्यावर भर दिला होता. आपल्याकडे रात्री गोष्ट सांगून झाल्यावर “आता तू सांग” म्हणणारी आजी हेच करते.

दुसरा समज असा की, इंग्रजीचा चांगला परदेशी संच आणला की त्याच धर्तीवर मराठीही शिकवता येईल. इंग्रजीत अक्षर आणि उच्चार यांचा मेळ बसत नाही, म्हणून ते संच स्पेलिंगवर महिनेच्या महिने घालवतात. मराठीत मूल अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते, पण उच्चार मागाहून होतो. ‘चार’ आणि ‘चाक’ यांत च एकच, उच्चार मात्र दोन. ‘सूर्य’, ‘चक्र’ आणि ‘राष्ट्र’ या तीन शब्दांत एकच र तीन रूपांत भेटतो. मराठीचा अभ्यासक्रम निवडताना या जागा त्यात कशा हाताळल्या आहेत ते आधी पाहावं.

अक्षरं अ ते ज्ञ अशी ओळीनंच शिकवली पाहिजेत, असंही नाही. वर्णमालेचा क्रम उच्चारस्थानांप्रमाणे लावलेला आहे. क-वर्ग घशाजवळ सुरू होतो आणि प-वर्ग ओठांवर येऊन थांबतो. म्हणायला तो सुरेखच आहे, तो पाठ होऊ द्यावा. वाचायला मात्र जुन्या शिक्षकांचं ग-म-भ-न अधिक सोयीचं. सरळ उभ्या दांड्याची ही चार अक्षरं हाताला बसली आणि काना आला की मूल नाग, मान, भाग, मामा वाचू लागतं.

ऱ्हस्व-दीर्घाची घाई तर अजिबात नको. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे 14 नियम 1962 साली आले, 1972 साली 4 वाढले, असे एकूण 18. ‘पाणी’तली णी दीर्घ का आणि ‘फूल’चं ‘फुलाला’ होताना ऊकार ऱ्हस्व का होतो, हे नुसतं ऐकून कळत नाही. ते शब्द डोळ्यांखालून शेकडो वेळा गेल्यावर, आठव्या-नवव्या वर्षी, हे नियम मुलाला भराभर पटतात. तोवर रोज एक चांगलं वाक्य बघून लिहिणं पुरे.

परीक्षेची धास्तीही या वयात अनाठायी आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या दहावीच्या परीक्षेसाठी किमान वयच 14 वर्षं आहे. पैशांचंही तेच. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी वाचनाच्या पातळ्यांनुसार लावलेल्या आहेत, त्याही विनामूल्य.

मी स्वतः एक महागडा संच घेतला होता. एका पानावर छोटी गोष्ट होती, तिच्यातल्या नामांना लाल आणि क्रियापदांना निळा रंग द्यायचा होता. सहा वर्षांच्या लेकीनं फार सुबक रंग दिले. “गोष्ट कशाची होती गं?” विचारलं, तर तिला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी बालभारतीच्या पहिलीच्या पुस्तकातलं एक चित्र उघडून मी तिच्यापुढे ठेवलं आणि भाजी निवडायला बसले. माझी गवार मोडून झाली, तरी तिचं बोलणं चालूच होतं.